दुपारी डबा आला

नाही नाही नाही, हात नका देऊ! लांबूनच नमस्कार, लांबूनच… अहो चिकटाल! डिंक आहे डिंक, दोन्ही हातांना, नखांत, कोपरापर्यंत, सकाळी चहाचा कप उचलला तो ठेवताच येईना, शेवटी बायकोनं ओढून काढला आणि वर मलाच ऐकवलं, ‘तुम्हाला कुठलीही गोष्ट जागेवर ठेवता येत नाही का हो?’ मला! मला म्हणते! गेले कित्येक महिने मी या एका गोष्टीसाठी जिवाचं रान करतोय, दुसरं काही मागितलं नाही देवाकडे, पगारवाढ नको, बंगला नको, माझी मागणी एवढीच, की फोटो आपल्या जागेवर राहावा. बस्स! जास्त आहे का हो हे?

तुम्हाला सांगतो, मी एका पानाचा माणूस. माझा धंदा काय? व्हिजिटिंग कार्डं, पावतीपुस्तकं, दुकानाच्या पाट्या, फार झालं तर चार घड्यांचं माहितीपत्रक. एक पान, वर नाव, खाली फोन नंबर, मध्ये फोटो. तो फोटो तिथे ठेवला की ठेवला, तो कुठं जाणार बिचारा? पळायला दुसरं पानच नाही! सुखात चाललं होतं माझं. आणि एक दिवस सासरेबुवा दुकानात आले, खुर्चीवर बसले, खाकरले आणि म्हणाले, ‘जावईबापू, मी आत्मचरित्र लिहिलं आहे. पुस्तकाची पानं तुम्ही लावायची.’

आता सासरेबुवांना काय सांगणार? मला पुस्तक लावता येत नाही, असं? लग्नात ज्या माणसानं ‘मुलगा संगणकात आहे’ एवढ्या एका माहितीवर मुलगी दिली, त्याला?

सासरे म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त अभियंता. उभं आयुष्य एकाच कामात गेलं, गळती शोधणं. कुठं नळ ठिबकतोय, कुठं सांधा सुटलाय, कुठं जमिनीखाली पाणी मुरतंय, कान लावून सांगायचे. निवृत्त झाले पण कान तसाच. घरात कुणी जास्त बोललं, गळती. कुणी दोनदा निरोप घेतला, गळती. मुलगी माहेरी गेल्यावर आईला पाच मिनिटं दारात मिठी मारून उभी राहिली, आतून आवाज, ‘गळती!’ आणि पुस्तकाचं नाव ‘दाब आणि प्रवाह’. भाषा म्हणाल तर सगळी सरकारी. स्वतः काही केलंय असं माणूस म्हणतच नाही! ‘झडप बसवण्यात आली’, ‘पाणी सोडण्यात आलं’, ‘सकाळी उठण्यात आलं’… हसू नका, आहे तसं, नवव्या पानावर आहे!

आणि सासूबाई. सासूबाई कशा, तर कधी काही मागणार नाहीत. मी लग्नानंतर पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा घाबरून पाण्याचा तांब्या सांडला, सासरे ‘गळती’ म्हणायच्या आत या बाईनं स्वतःच्या हातातला पेला मुद्दाम सांडला आणि म्हणाल्या, ‘अगबाई, माझ्याच हातून!’ तेव्हापासून मी त्यांचा. तर त्या बाईनं, सासरे नाहीत असं बघून, हळूच एक जुना फोटो माझ्या हातात ठेवला. काळा-पांढरा. तरुण सासूबाई, सायकल धरून उभ्या, एक पाय पायडलवर, ऊन डोळ्यावर आलंय, केस विस्कटलेले, आणि हसतायत, असं हसतायत की मी ओळखलंच नाही आधी! म्हणाल्या, ‘जावईबापू, माझं काही नाही हो. पुस्तक त्यांचं आहे. पण जमलं तर तेवढा हा कुठंतरी घ्या. मला आवडतो तो.’

मी म्हटलं, ‘आई, हा काय मोठा प्रश्न आहे? घेतलाच समजा!’

घेतलाच समजा. जीभ झडत कशी नाही हो माणसाची अशा वेळी?

तर बसलो. मजकूर ओतला, शंभरावर पानं वाहत गेली. फोटो घेतले, एकेक करून शेजारी ठेवले. वडिलांच्या मजकुराशेजारी वडील, जलशुद्धीकरण केंद्राशेजारी केंद्र, मोठ्या साहेबांशेजारी मोठे साहेब. देखणं दिसत होतं, बायकोला बोलावून दाखवलं. आणि फोन वाजला. ‘जावईबापू, एक सूक्ष्म बदल. दुसऱ्या पानावर चार ओळी वाढवायच्या आहेत.’

वाढवल्या. आणि पुढं काय झालं माहितीये? मजकूर सरकला, सगळा, शेवटच्या पानापर्यंत, एकमेकांना ढकलत गेला, आणि फोटो? फोटो ढिम्म! मजकूर पुढे निघून गेला आणि फोटो मागे, मोकळे, कुणाचे कुणी नाहीत! ‘माझ्या जीवनाला आकार देणारे माझे तीर्थरूप वडील’ आणि शेजारी कोण? गंजलेला पंप! खाली ओळ, ‘दुरुस्तीपूर्वीची अवस्था’! मोठ्या साहेबांच्या गौरवाशेजारी गाळाची टाकी, आणि गाळाच्या वर्णनाशेजारी मोठे साहेब, हसऱ्या चेहऱ्यानं!

बरं, ओढून ओढून सगळे परत जागेवर आणले. फोन. ‘एक सूक्ष्म बदल.’ अहो तुमचा बदल सूक्ष्म, पण इथं पंप पुन्हा वडिलांच्या जागेवर जाऊन बसतो त्याचं काय! आणले परत. फोन. आणले परत. फोन. अशी पाळी आली की फोन वाजला की मी आधी पंप कुठंय ते बघायचो. माझी मागणी काय होती? फोटो आपल्या जागेवर राहावा. पण ती जागाच पळत होती, त्याला मी काय करू?

शेवटी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणजे आमच्या धंद्यातला एक, पुस्तकंच लावतो, काहीही विचारा, आधी पाच मिनिटं तुमची लाज काढतो आणि मग शिकवतो, म्हणून गुरुजी. ‘काय? फोटो मोकळे ठेवलेस? अख्ख्या पुस्तकात? अरे अँकर नाही केलंस?’ मी म्हटलं, ‘ते काय?’ तिकडून असा सुस्कारा आला की माझा कान गार पडला. ‘अरे फोटो मजकुराला बांधायचा. ज्या वाक्याचा तो फोटो, त्या वाक्यात कर्सर ठेवायचा आणि फोटोची दोरी तिथं बांधायची. मग वाक्य जिकडे जाईल तिकडे फोटो जाईल. वाक्य पुढच्या पानावर, फोटो पुढच्या पानावर. समजलं?’

मी तर उडालोच! एवढं सोपं? बांधला पहिला फोटो. साहेबांचा. आणि साहेब जाऊन बसले कुठं, तर थेट ओळीत! वाक्याच्या मधोमध! ‘तेव्हा मी’, मग अर्धा फूट साहेब, मग ‘म्हणालो’. वरची ओळ छताला, खालची ओळ तळाला, मध्ये साहेब अडकलेले. पुन्हा फोन. ‘अरे ओळीत नाही रे घालायचा, बाजूला ठेवायचा! दोरी वाक्याला, माणूस समासात!’ ते केलं तर एक फोटो पानाच्या बाहेरच निम्मा लोंबायला लागला, एक उडी मारून पुढं गेला आणि मागं अर्धं पान पांढरं, सासरे प्रूफ बघून म्हणतात, ‘ही रिकामी जागा कसली? गळती?’… नाकी नऊ आले हो! पण जमलं. एकदाचं जमलं. प्रत्येक फोटो, खालच्या ओळीसकट, आपापल्या वाक्याला बांधला. मुद्दाम पहिल्या पानावर दहा ओळी वाढवून बघितल्या, सगळे फोटो शहाण्या मुलांसारखे आपापल्या वाक्याचा हात धरून पुढं सरकले. डोळे भरून आले माझे. म्हटलं, आता लिहा किती सूक्ष्म लिहायचं ते!

राहता राहिला सासूबाईंचा फोटो. आता तो कुठल्या वाक्याला बांधायचा? सगळं पुस्तक चाळलं. शेवटी ऋणनिर्देशात एक वाक्य सापडलं, मोठ्या साहेबांच्या आणि दोन ठेकेदारांच्या खाली. ‘माझ्या पत्नीची मला मोलाची साथ लाभली.’ म्हटलं वा! आपली जागा हीच. फोटोत एका बाजूला सायकलच्या हँडलला काहीतरी लोंबकळत होतं, त्यानं चौकट नीट बसेना, म्हणून तेवढं कापलं, आणि दिली गाठ. मोलाची साथ, शेजारी सायकल. काम फत्ते.

अँकरची आणखी एक खोड आहे, ती गुरुजींनी सांगितली नाही. म्हणजे ते म्हणतात सांगितली होती. मी म्हणतो नाही. जाऊ द्या. खोड अशी, की वाक्य सरकलं तर फोटो सरकतो, बरोबर? आणि वाक्य काढलं तर?

तर फोटो जातो. वाक्यासकट. निमूटपणे. ना घंटी, ना ‘साहेब, एक माणूस जातोय, जाऊ देऊ का’… काही नाही! आणि गेल्यावर भोक तरी राहावं? तेही नाही! मजकूर वर सरकतो आणि जागा भरून टाकतो, इथं कुणी होतं याची खूणही उरत नाही.

आणि सासरेबुवांचं शेवटचं प्रूफ आलं. वाढवून झालं होतं ना त्यांचं, आता लाल पेन घेऊन गळती शोधायला निघाले होते! पानापानावर लाल रेघा. हे वाक्य, गळती. हे विशेषण, गळती. अख्खा परिच्छेद, समासात ‘मोठी गळती’. एक घाव दोन तुकडे! मी आपला समोर प्रूफ, स्क्रीनवर अक्षरं मोठी करून, रेघ दिसली की वाक्य उचल, उडव, रेघ दिसली की उचल, उडव, हमालासारखं काम, वाचतोय कोण! बाकीच्या वाक्यांना नशिबानं फोटो नव्हते. आणि ऋणनिर्देशात साहेब राहिले, दोन्ही ठेकेदार राहिले, आणि खाली एका वाक्यावर लाल रेघ, समासात लिहिलेलं, ‘हे सर्वांना ठाऊक आहे. गळती.’

उचललं, उडवलं. याच हातांनी. तेव्हा डिंक नव्हता लागलेला, असता तर बरं झालं असतं.

प्रकाशन समारंभ. प्रेसवाल्याकडून समारंभापुरत्या थोड्या प्रती आणल्या होत्या, बाकीची छपाई मागाहून. सभागृह, माइक, खुर्च्या, पाहुणे. मी मागे उभा, ऐटीत, आज पहिल्यांदा जावयाची इज्जत वाढणार. सासरे भाषणाला उभे राहिले, ‘या पुस्तकात आपल्याला कुठेही गळती आढळणार नाही,’ टाळ्या! आणि पहिल्या रांगेत सासूबाई. मांडीवर पुस्तक. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटतायत. सावकाश. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग शेवटपासून पहिल्यापर्यंत. मग पुन्हा, जरा भराभर, जशी आपण किल्ली शोधताना तीच पिशवी पुन्हा उलटी करतो. आणि मग पुस्तक मिटलं, पदर सारखा केला, आणि टाळ्या वाजवायला लागल्या. बाकीच्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच.

तोवर बायको मागं आलीच, कानाशी, ‘अहो, आईचा फोटो कुठंय?’

‘आहे की. शेवटी. ऋणनिर्देशात.’

‘नाहीये.’

‘असं कसं नाही? मी बांधलाय!’

नव्हता. साहेब होते. ठेकेदार होते, दोन्ही.

घरी आलो. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे. मी फाइल उघडली, शोधलं, डोक्यात उजेड पडला, आणि अंधारीच आली. आता सांगायचं कसं? सांगितलं. सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं, दोरी, वाक्य, गाठ. ते शांतपणे म्हणाले, ‘हे पाहा, मी फोटो काढायला सांगितलं नव्हतं. वाक्य काढायला सांगितलं होतं.’

‘अहो बाबा, पण फोटो त्या वाक्याला बांधला होता!’

‘मग दुसऱ्या वाक्याला बांधायचा.’

आणि माझ्या तोंडून गेलं हो, विचार न करता गेलं, ‘दुसरं वाक्य आहेच कुठं?’

तुम्हाला सांगतो, मोरीतला नळ ठिबकत होता आणि सासऱ्यांनी ‘गळती’ म्हटलं नाही.

मग बायको उठली, एक प्रत ओढली, म्हणाली, ‘असेल. असणारच. शोधू या.’ आणि बसलो सगळे शोधायला, सासरेसुद्धा, चष्मा लावून, आपल्याच आयुष्यात आपली बायको शोधतायत! ‘हे बघा, सापडलं!’ बायको ओरडली. ‘त्याच वर्षी विवाह झाला व नवा पंप बसवण्यात आला.’ मी म्हटलं, ‘तिथं नाही चालणार.’ ‘का?’ ‘तिथं पंपाचा फोटो आहे.’ तिनं माझ्याकडे असं बघितलं! माझी काय चूक? फोटो आपल्या जागेवर राहावा म्हणून पंप मीच बांधला होता तिथं, घट्ट! पुढं शोधलं. ‘कुटुंबात दोन अपत्यांची भर पडली.’ तिथं मुलांचा फोटो. ‘निवासस्थान बदलण्यात आलं.’ तिथं घराचा. सगळं होतं हो, घर होतं, मुलं होती, लग्न होतं, फक्त बाई नव्हती.

आणि सासूबाई? सासूबाई भांडी आवरत होत्या. तिथूनच, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, ‘एवढं कशाला शोधताय? चौऱ्याऐंशी पानावर बांधा. दुपारी डबा आला.’

‘काय?’

‘आहे ते वाक्य. टेकडीपलीकडचा मोठा नळ फुटला होता, त्या प्रकरणात. मघाशी बघितलं मी.’

उघडलं. होतं. ‘काम अखंड चालू होते. दुपारी डबा आला. सायंकाळी झडप बदलून पाणी सोडण्यात आले.’

सासरे म्हणाले, ‘पण याचा आणि फोटोचा काय संबंध?’

तेव्हा त्या वळल्या. हात ओले, तसेच. म्हणाल्या, ‘डबा आपला आपण चालत आला होता का? गावात पाणी नाही, तुम्ही दोन दिवस घरी नाही. शेजारच्यांची सायकल मागितली. मला नीट येतसुद्धा नव्हती. टेकडी चढले, दोनदा पडले, डबा सांडू दिला नाही. खात्याचा फोटोवाला फुटलेल्या नळाचे फोटो काढायला आला होता, त्यानं विचारलं, बाई कोण तुम्ही, मी म्हटलं, डबा आहे साहेबांचा. हसला आणि काढला एक. तुम्ही खड्ड्यात होतात. वर नाही बघितलंत, नुसता हात वर केलात डब्यासाठी.’ आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात, ‘हँडलला डबाच होता, जावईबापू. तुम्ही कापलात तो.’

मोलाची साथ, मोलाची साथ म्हणत मी जो कचरा समजून कापला तोच डबा! आणि सासरे… सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, पहिलं काम, कापलेला डबा परत आणला, फोटो पूर्ण, हँडलसकट, डब्यासकट, आणि चौऱ्याऐंशी पानावर ‘दुपारी डबा आला’ या वाक्याला बांधला. गाठ तीनदा तपासली. पुढं-मागं ओळी वाढवून बघितल्या, हलत नाही. आता सापडली होती हो त्याची जागा! इतके दिवस मी म्हणत होतो फोटो आपल्या जागेवर राहावा, पण जागा कुठली हे एकीलाच ठाऊक होतं, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

एवढ्यात सासरे आले. स्वतः. फोन नाही, सूक्ष्म बदल नाही. हातात चौऱ्याऐंशी नंबरचं पान. टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. पानावर ‘दुपारी डबा आला’ या वाक्यावर लाल रेघ. आणि वर, बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘दुपारी टेकडी चढून ही सायकलवरून डबा घेऊन आली. डबा गरम होता. मी वर पाहिले नाही.’

मी पाहिले नाही! ‘पाहण्यात आले नाही’ नाही! तुम्हाला सांगतो, मला हुंदका आला. मी म्हटलं, ‘बाबा…’ ते म्हणाले, ‘गळती वाटत असेल तर काढा.’ मी म्हटलं, ‘बाबा, याला हात लावणाऱ्याचा हात मोडीन!’ आणि ते भिंतीकडे बघून नाक पुसतायत, मी स्क्रीनकडे बघून नाक पुसतोय, डोळ्यात पाणी, चष्म्यावर पाणी, अक्षरं दिसेनात, तसंच जुनं वाक्य उचललं, उडवलं, नवं वाक्य लिहिलं, एकेक अक्षर, आणि त्याच भरात, गरम डब्यासारखं, पाठवून दिलं प्रेसला. छापा! सगळ्या प्रती छापा!

…काय? का थांबलात? बघा, तुमच्या आलं लक्षात. तुम्ही काही पुस्तकं लावत नाही, तुम्हाला आत्ता अर्ध्या तासात अँकर कळला, तुमच्या आलं लक्षात! माझ्या नाही आलं!

जुनं वाक्य उडवलं हो मी! गाठीसकट!

पीडीएफ बघितली का विचाराल. बघितली की! ते वाक्य बघितलं. चारदा वाचलं, चारदा रडलो, फोटोकडे बघायला डोळे कोरडे होते कुणाचे? आणि मजकूर वर सरकून बसला होता, नेहमीसारखा, सभ्यपणे.

गठ्ठे आले. घरात, दिवाणखान्यात, छातीइतके. सगळे जमले. सासऱ्यांनी स्वतः दोरी कापली, वरची प्रत काढली, चौऱ्याऐंशी पान उघडलं आणि सासूबाईंच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोला काहीतरी वाचायला दिलं असेल. आणि मी मागून डोकावलो… पान भरलेलं, इकडून तिकडे, अक्षरं, अक्षरं, अक्षरं. सायकल नाही. हँडल नाही.

सासूबाई वाचत होत्या. बोट ठेवून. एकदा वाचलं. परत वाचलं. त्या ‘मी वर पाहिले नाही’वर बोट बराच वेळ राहिलं. मी म्हटलं, ‘आई, तो फोटो… मी बांधला होता हो… पण ते वाक्य… म्हणजे मीच…’

त्यांनी वर बघितलं. अगदी त्या फोटोतल्यासारखं हसल्या, तेच, केस विस्कटलेल्या बाईचं हसू. म्हणाल्या, ‘राहू द्या हो, जावईबापू. डबा पोचला.’

आता इथं संपवावं की नाही? कुठल्याही शहाण्या घरात इथं संपलं असतं. पण सासरे! सासरे म्हणाले, ‘नाही. फोटो हवा.’ आवाज असा, की जणू शहराचं पाणी बंद पडलंय. ‘फोटो वेगळे छापून आणा. प्रत्येक प्रतीत हातानं चिकटवा. चौऱ्याऐंशी पानावर. आता दोरी नको, गाठ नको, तुमचं ते सॉफ्टवेअर नको. डिंक!’

तर बसलोय. सगळं घर बसलंय, कालपासून. सासरे फूटपट्टी घेऊन प्रत्येक फोटो मोजतात, ‘जरा डावीकडे.’ बायको डिंक लावते, मी फोटो ठेवतो, सासूबाई वरून हळूच तळवा फिरवतात. डिंक कडेनं बाहेर आला की सासरे ओरडतात काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि चिकटवलेल्या प्रतींवर वजन हवं म्हणून त्यांनी माळ्यावरून जुनी लोखंडी झडप काढली आणि ठेवली गठ्ठ्यावर, म्हणाले, सकाळपर्यंत हलता कामा नये.

नाही हलला. खरंच सांगतो. आज सकाळी झडप उचलली, पहिली प्रत घेतली, उलटीसुलटी केली, झटकली, आपटली… फोटो जागचा तसूभर हललेला नाही. चौऱ्याऐंशी पानावरच आहे, त्याच वाक्याशेजारी, डब्यासकट. एकदाचा फोटो आपल्या जागेवर राहिला!

फक्त चौऱ्याऐंशी पान पंच्याऐंशीला चिकटलंय. उघडत नाही.